बजेट ८ लाख, कोटेशन १४ लाख: डोंबिवलीतल्या एका जुन्या टू-बीएचकेचं प्रकरण

डोंबिवली पूर्वेला १९९७ साली बांधलेली चार मजली इमारत. लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. आतून टेपने मोजलं तर ५७८ चौरस फूट: हॉल १० बाय १६, स्वयंपाकघर ८ बाय १०, दोन बेडरूम १० बाय १२ आणि १० बाय ११, बाथरूम ४ बाय ७, संडास ३ बाय ४, बाकी पॅसेज आणि बंद केलेली गॅलरी. घरात चौघं: पन्नाशीतलं जोडपं, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७८ वर्षांच्या आजी. कुटुंब इथे नमुन्यादाखल घेतलं आहे, पण मापं, दर आणि कोटेशनांची तऱ्हा ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात नेहमी दिसते तशीच आहे.

घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणाला हात घालण्याची कारणं दोन. खालच्या घराच्या छताला ओल आली होती आणि पावसाळा संपल्यावरही ती सुकत नव्हती. म्हणजे गळती पावसाची नव्हती, वरच्या म्हणजे याच घराच्या बाथरूमची होती. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूमची सभासदाने स्वतःच्या खर्चाने. दुसरं कारण आजींचे गुडघे: भारतीय पद्धतीचा संडास त्यांना झेपेनासा झाला होता. ही दोन कामं टाळता न येणारी होती. बाकी सगळं ‘आता करतोच आहोत तर’ या वाक्याबरोबर आत आलं. अंदाजपत्रक नेमकं त्या वाक्याने फुगतं.

हातात ८ लाख रुपये होते. नात्यातल्या एकाने २०१९ साली एवढंच घर साडेपाच लाखांत केलं होतं, त्यात वाढ धरून हा आकडा ठरला. कामाची यादी न लिहिता ठरवलेलं बजेट आणि यादी न देता मागवलेलं कोटेशन यांची गाठ पडली की दोन्ही बाजूंना धक्का बसतो. इथेही तेच झालं.

तीन कागद

पहिलं कोटेशन सगळं काम एकहाती करून देणाऱ्या इंटिरिअर कंपनीचं: १४,३५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,९३,३००. त्यात डिझाइन फी होती आणि फर्निचर कारखान्यात बनलेल्या पार्टिकल बोर्डाचं होतं. आठ लाखांच्या घराला हा पर्याय लागूच नव्हता, त्यामुळे तो लगेच बाजूला ठेवला.

दुसरं कोटेशन एका काँट्रॅक्टरचं, बाबवार: ११,८६,४३०. तळाला बारीक अक्षरात ‘जीएसटी लागू असेल तसा वेगळा’. तेवढ्या ओळीचे २,१३,५५७ होतात. म्हणजे खरा आकडा १३,९९,९८७.

तिसरं स्थानिक ठेकेदाराचं: अर्ध्या पानावर नऊ ओळी आणि खाली ‘लमसम ९,१०,०००’, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम. घरातल्या सगळ्यांचं मन इथे ओढलं जातं. पण दुसऱ्या कोटेशनातल्या बाबी एकेक करून त्याच्यासमोर ठेवल्या, तेव्हा काय काय नव्हतं ते दिसलं. वॉटरप्रूफिंग नव्हतं (अंदाजे ६२,०००), नळ-कमोड ‘पार्टीकडून’ (५८,०००), खिडक्या नाहीत (४६,०८०), वायरिंगच्या जागी फक्त ‘स्विच बदलून’ (वायरिंगचा फरक ७०,०००). हे २,३६,०८० मिळवले की होतात ११,४६,०८०. दुसऱ्यापेक्षा जेमतेम ४० हजारांनी कमी, आणि जीएसटीचा उल्लेखही नाही. ते कोटेशन स्वस्त नव्हतं, अपुरं होतं. राहिलेल्या बाबी काम निम्म्यावर आल्यावर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतात. तेव्हा घर फोडलेलं असतं आणि मालकाला नाही म्हणायची सोय उरलेली नसते.

म्हणून लमसम बाजूला ठेवून बाबवार कोटेशनावर काम करायचं ठरलं. महाग असलं तरी ते उघडून पाहता येत होतं.

घासाघीस का केली नाही

पहिली प्रतिक्रिया ‘रेट कमी करा’ हीच असते. काँट्रॅक्टर दहा-पंधरा टक्के कमी करतोही. पण मजुरी आणि सिमेंटचे भाव तो ठरवत नाही, मग ती कपात कुठून येते? लांबीचे (पुट्टीचे) दोन हात ठरले असतील तर एक बसतो. आयएस ७१० शिक्क्याच्या वॉटरप्रूफ प्लायच्या जागी आयएस ३०३ चा साधा प्लाय येतो. लॅमिनेट लागल्यावर दोघांत फरक दिसत नाही, सिंकखाली दोन पावसाळे गेले की दिसतो. बाथरूमच्या कोटिंगचा दुसरा हात राहून जातो. लादी बसल्यावर या गोष्टी कोणी तपासू शकत नाही.

म्हणून काँट्रॅक्टरला विचारलेला प्रश्न असा होता: ‘तुमचे रेट तेच ठेवू. आठ लाखांत बसवायचं तर यातलं काय काढू, काय बदलू आणि काय पुढच्या वर्षी करू?’ या प्रश्नाला जाणता काँट्रॅक्टर खरी उत्तरं देतो, कारण त्याच्या नफ्यावर गदा येत नाही. वॉटरप्रूफिंगमधून कपात सुचवणारा काँट्रॅक्टर घ्यायचा नाही, हेही याच प्रश्नातून कळतं.

टेप घेऊन घरात

मापं दोघांनी मिळून तपासली. काही ठिकाणी काँट्रॅक्टरचं माप बरोबर निघालं, आणि ते मान्य करणं पुढच्या बोलण्यासाठी गरजेचं होतं. लादीसाठी त्याने ६४० चौरस फूट धरले होते, घरात तर बाथरूम-संडास सोडून ५३८ च दिसतात. पण चार इंची स्कर्टिंगचे (भिंतीच्या पायाशी लावायच्या पट्टीचे) साधारण ६० मिळवले की ५९८, त्यावर ७ टक्के तूटफूट, झाले ६४०. माप चोख होतं. फक्त तूटफुटीवर मजुरी आणि सिमेंट-वाळू लावायची नसते. ४२ चौरस फुटांवर ९० रुपयांप्रमाणे ३,७८० जास्त लागले होते. एवढी छोटी रक्कम ताणून धरण्यात अर्थ नाही.

रंगाचं माप मात्र चुकलं होतं. ‘कार्पेटच्या (घराच्या आतल्या क्षेत्रफळाच्या) चौपट’ हा ठोकताळा लावून २,३१० चौरस फूट लिहिले होते. भिंती आणि छतं मोजून दारं, खिडक्या, कपाटांमागची जागा आणि टाइल्सची भिंत वजा केली तर १,९३० भरले. ३० रुपये दराने हा फरक ११,४०० चा. ठोकताळ्याने दिलेला आकडा कोटेशनात दिसला की तो मोजायचाच.

कपाटांचं माप समोरच्या दर्शनी भागाने धरतात, हेही समजून घ्यावं लागतं. ७ बाय ७ चं कपाट म्हणजे ४९ चौरस फूट, मग आत खण चार असोत की दहा. म्हणून आतला नकाशा, प्लायचा ग्रेड आणि बिजागऱ्या कागदावर असल्याशिवाय दोन दरांची तुलना होत नाही. २ फूट खोलीच्या अशा कपाटाला १८ मिलिमीटरच्या ८ बाय ४ च्या साधारण ५ ते ६ शीट लागतात. घरी आलेल्या शीट मोजल्या की पुष्कळसं कळतं.

जिथे हात लावला नाही

वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंगचे १,४२,००० होते. फेरआखणीत ते कमी न होता १,४८,००० झाले, कारण टाइल्सच्या सांध्यांना इपॉक्सी ग्राउट आणि दुसरी पाणी-चाचणी लेखी घालून घेतली. संडास-बाथरूमच्या चाळीस चौरस फुटांसाठी ही रक्कम डोळ्यांवर येते, म्हणून तिचे टप्पे सांगायला हवेत.

जुन्या बाथरूमचा स्लॅब बाजूच्या स्लॅबपेक्षा सुमारे फूटभर खाली असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. गळती बहुधा या भरावात साठते आणि मग खाली झिरपते. त्यामुळे वरून फक्त लादी बदलून किंवा सांध्यांत पावडर भरून भागत नाही. भराव मूळ स्लॅबपर्यंत काढायचा. सळ्या उघड्या पडल्या असतील तर गंज घासून काढायचा, गंजरोधक हात द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने जागा भरायची. मग प्लंबिंग. १९९७ चे जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले असतात. त्यांच्या जागी सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकायचे, टोकं बंद करून पंपाने ६ ते ७ किलो दाब द्यायचा आणि रात्रभर काटा पाहायचा. काटा उतरला तर सांधा गळतो आहे. भिंत बंद करण्याआधी पाइपांशेजारी टेप धरून फोटो काढायचे. पुढे कोणी आरशासाठी भोक पाडेल तेव्हा ते उपयोगी पडतात.

कोटिंग प्लंबिंगनंतरच. हा क्रम उलटा झाला की काम वाया जातं: गवंडी कोटिंग करून जातो आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर त्याच जागी छिन्नी मारतो. स्लॅबमधून पाइप जातो तिथली फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरायची, भिंत आणि जमीन मिळते तिथे वाटा मारून कोपरा गोल करायचा, कोपऱ्यांवर जाळी बसवायची आणि मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा. चहूबाजूंच्या भिंतीवर फूटभर, शॉवरच्या भिंतीवर सहा-सात फूट. वाळल्यावर नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या निचऱ्याच्या भांड्याचं) तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवायचं आणि भिंतीवर खडूने पातळी आखायची. खालच्या घरी जाऊन छत पाहणं हा चाचणीचाच भाग. त्यानंतर विटांचा कोबा, नहाणी ट्रॅपकडे दर ८ फुटांना १ ते सव्वा इंच उतार, पुन्हा ४८ तास पाणी, आणि मगच लादी. दोन चाचण्यांना मिळून पाच-सहा दिवस जातात. घाईत त्याच गाळल्या जातात.

वायरिंगमध्येही जाडी कमी केली नाही. दिव्यांना १.५, प्लगांना २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सगळीकडे अर्थिंगची तार, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा विद्युतप्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच). ओल्या बाथरूममध्ये झटका बसला तर जीव वाचवतो तो आरसीसीबी. एमसीबीचं काम वायर जळू न देण्याचं आहे, माणसाला वाचवण्याचं नाही.

काय काढलं, काय बदललं

कात्री लावायचा नियम एक: जे नंतर घर न फोडता करता येतं ते आधी बाहेर. फर्निचर आणि फॉल्स सीलिंग यात पहिलं बसतं.

इमारतीचं वयही इथे विचारात आलं. तीस वर्षं पूर्ण झाली की महापालिका हद्दीत स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक होतं, आणि त्या सुमारास सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा निघतेच. सेक्रेटरींना विचारलं. आर्किटेक्ट किंवा पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) नेमण्याचा ठराव झालेला नव्हता. तसा ठराव झालेला असता, तर बाथरूम, वायरिंग आणि रंग यापलीकडे एक रुपयाही घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. भिंतीला ठोकलेलं फर्निचर नव्या घरी जात नाही, सुटं कपाट जातं.

| काम | कोटेशन (₹) | फेरआखणी (₹) |
|---|---|---|
| तोडफोड, डेब्रिज (राडारोडा) | ४८,००० | ४०,००० |
| वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग | १,४२,००० | १,४८,००० |
| लादी | १,०५,६०० | ५६,४०० |
| बाथरूम व ओट्याच्या टाइल्स | ४९,५०० | ४९,५०० |
| ओटा, सिंक | ४६,००० | ४६,००० |
| मॉड्युलर किचन | १,८५,००० | ७०,००० |
| दोन कपाटं, माळे | १,५८,००० | ७९,००० |
| टीव्ही युनिट, बेडमागचं पॅनल, चपलांचं कपाट | ८२,००० | १२,००० |
| वायरिंग | १,१२,००० | ९८,००० |
| फॉल्स सीलिंग | ४०,९५० | ० |
| रंग | ६९,३०० | ५१,४८० |
| खिडक्या | ४६,०८० | २७,०४० |
| दारं | ४४,००० | २४,००० |
| नळ, कमोड, बेसिन | ५८,००० | ३९,००० |
| एकूण | ११,८६,४३० | ७,४०,४२० |

लादीत सगळ्यांत चांगला निर्णय झाला. दोन्ही बेडरूममध्ये जुनी मोझॅक लादी होती, कुठे खचलेली नाही, तडा नाही. ती न काढता घासून पॉलिश करून घेतली: २३० चौरस फूट, ३० रुपये दर, ६,९०० रुपये. मोझॅकला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा नीट पॉलिश झालेली पाहावी. ऐंशीएक गोण्या डेब्रिजही वाचलं, आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर प्रत्येक गोणीमागे उतरवण्याची मजुरी आणि टेम्पो मिळून ७० रुपये जातात. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर आणि गॅलरीला २ बाय ४ ऐवजी २ बाय २ व्हिट्रिफाइड. चार लाद्यांच्या बॉक्समध्ये साडेपंधरा चौरस फूट, गरज ३६७ ची, म्हणजे २४ बॉक्स. पंचविसावा जपून ठेवायला, कारण तोच बॅच नंबर आणि तीच शेड पुढे मिळत नाही. सर्व बॉक्सवरचा बॅच नंबर दुकानातच जुळवून घ्यायचा.

मॉड्युलर किचनच्या जागी ग्रॅनाइटचा एल आकाराचा ओटा, खाली कडप्प्याचे उभे आधार, त्यांच्यात स्टीलच्या आठ ट्रॉल्या आणि बाहेरून वॉटरप्रूफ प्लायची दारं. कडप्पा पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. कडप्पा आणि भिंतीमधल्या फटी मात्र सिलिकॉनने भराव्या लागतात, नाहीतर तिथे झुरळं घर करतात. वरची कपाटं पुढच्या टप्प्यात, पण चिमणीचं सहा इंची भोक, तिचा प्लग आणि वॉटर फिल्टरची लाइन आताच. या टप्प्यावर त्याला हजार-दीड हजार लागतात. नंतर केलं तर टाइल्स फुटतात.

फॉल्स सीलिंग रद्द झालं आणि त्याबरोबर दिव्यांचे १४ पॉइंट गेले, तेच वायरिंगमधले १४,०००. नऊ फूट उंचीच्या खोलीत सीलिंग खाली घेतलं की खोली बसकी दिसते. वरच्या घराची गळती सुरू झाली तर ती महिनोन्महिने जिप्समच्या मागे लपते. पश्चिमेकडच्या खिडक्या पावसाचा मारा खातात म्हणून त्या नव्या, बाकीच्यांचे रबर आणि रोलर बदलले. मुख्य दार शाबूत होतं, त्याला पॉलिश. बाथरूमला लपवलेल्या डायव्हर्टरऐवजी साधा वॉल मिक्सर: आतला भाग बिघडला तर पान्याने उघडतो, टाइल फोडावी लागत नाही. आजींसाठी कमोडशेजारी आणि शॉवरजवळ पकडायचे दांडे, जमिनीला खरखरीत टाइल. हे दोन्ही यादीतून कधीच निघाले नाहीत.

तरी गणित बसेना

७,४०,४२० वर १८ टक्के लावले की ८,७३,६९६. अजून अचानक निघणाऱ्या कामाचा एक रुपयाही धरलेला नाही. ‘बिल नको, रोखीत घ्या’ हा सल्ला याच टप्प्यावर कोणीतरी देतं. तो ऐकू नये. करचुकवेगिरी तर ती आहेच, शिवाय पुढच्या पावसाळ्यात गळती झाली तर ग्राहक आयोगापुढे ठेवायला हातात कागद राहत नाही.

वैध वाट दुसरी आहे. लादी, टाइल्स, नळ-कमोड, ग्रॅनाइट, वायर-स्विच आणि ट्रॉल्या मिळून १,७९,०८५ चा माल मालकाने स्वतःच्या नावाने पक्क्या बिलावर घेतला. दुकानाच्या भावात जीएसटी आधीच असतो. काँट्रॅक्टरने कोटेशनात तोच भाव धरला होता, त्याला मिळणारं इनपुट क्रेडिट (मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) दरात उतरलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या बिलातून गेला असता तर त्याच रकमेवर वरून १८ टक्के लागले असते. आता कर उरलेल्या ५,६१,३३५ वरच. एकूण ८,४१,४६०. यात एक जोखीम मालकाकडे येते: माल कमी पडला, फुटला किंवा उशिरा आला तर खोळंब्याची जबाबदारी त्याची. म्हणून सिमेंट, वाळू, कोटिंगचं केमिकल आणि प्लाय काँट्रॅक्टरकडेच ठेवलं. विशेषतः केमिकल. ते मालकाने आणलं आणि गळती झाली तर दोष मालाचा की कामाचा, हा वाद संपत नाही.

शेवटी उरलेलं एक कपाटही पुढे ढकललं. जुनं लोखंडी कपाट रंगवून वापरायचं ठरलं. ७९,००० आणि त्यावरचा कर गेला, त्यामागच्या भिंतीच्या रंगाचे १,२७४ वाढले, आणि आकडा आला ७,४९,७४४. हातात ५०,२५६ राखीव. जुन्या घराला दहा टक्के राखीव असावेत. इथे साडेसहाच होते, ही या आखणीतली कच्ची बाजू.

कर्ज काढून मूळ यादीच का केली नाही? ६ लाखांचं वैयक्तिक कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १३,३५० आणि एकूण व्याज जवळजवळ २ लाख. दोन कपाटं आणि फॉल्स सीलिंग मिळून कोटेशनात १,९८,९५० होते. म्हणजे तेवढी रक्कम नुसत्या व्याजात गेली असती. गृहकर्ज चालू असेल तर टॉप-अप स्वस्त पडतो. राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट आहे, नव्या प्रणालीत नाही.

हप्ते आणि कागद

काँट्रॅक्टरने ५० टक्के आगाऊ मागितले होते. ठरलं ते असं: सुरुवातीला १० टक्के, पहिली पाणी-चाचणी पास झाल्यावर २५, लादी-टाइल्स आणि वायरिंगच्या वायरी ओढून झाल्यावर २५, ओटा-दारं-रंगाचा पहिला हात झाल्यावर २५, काम ताब्यात घेताना १०, आणि शेवटचे ५ पहिला पावसाळा काढल्यावर. हप्ता तारखेला नव्हे, तपासता येईल अशा टप्प्याला बांधलेला. शेवटच्या ५ टक्क्यांवर काँट्रॅक्टर कुरकुरतो, पण स्वतःच्या कोटिंगवर भरवसा असलेला तयार होतो.

करारात दोन ओळी मोलाच्या ठरल्या. एक, जास्तीचं कोणतंही काम माप आणि दर व्हॉट्सॲपवर लिहून होकार मिळाल्याशिवाय सुरू करायचं नाही. दोन, डेब्रिज ‘गेटबाहेर’ नव्हे तर परवानगी असलेल्या जागेपर्यंत न्यायचं. गेटबाहेर टाकलेल्या गोण्यांचा दंड सोसायटी मालकाच्या अनामत रकमेतून कापते. ती अनामत परत मिळणारी असली तरी काम संपेपर्यंत अडकते, म्हणून रोख पैशांच्या हिशोबात तिला जागा ठेवायची. बीम, कॉलम, स्लॅब आणि छज्जाला धक्का लागणार नाही हे सोसायटीच्या परवानगी-अर्जात लिहून दिलं.

सुरुवात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात केली. होळीला मजूर गावी जातात, ते दहा दिवस वेळापत्रकात आधीच धरले होते. गणपतीआधी काम उरकायचं म्हणून जूननंतर सुरू करणाऱ्यांना भिंती ओल्या मिळतात, मजूर तुटवड्याने मिळतात, आणि रंगाला पोपडे येतात.

फोडल्यावर निघालेलं

संडासच्या स्लॅबमध्ये सहा चौरस फुटांत सळ्या गंजलेल्या निघाल्या: ९,५००. बाथरूमच्या भिंतीचं ६० चौरस फूट प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजलं: ३,९००. डेब्रिजच्या ३४ गोण्या जास्त भरल्या: २,३८०. मुलीच्या खोलीत तीन पॉइंट घरच्यांनीच वाढवले: ३,३००. एकूण १९,०८०, करासह २२,५१४. चारही बाबी आधी लिहून आल्या, दोन मिनिटांत होकार गेला, वाद झाला नाही. पहिल्या तिन्ही बाबी लमसम कामातही निघाल्याच असत्या. तिथे त्या बहुधा मालकाला न दाखवता झाकल्या गेल्या असत्या, किंवा मनाला येईल त्या भावाने लावल्या गेल्या असत्या.

पहिल्या पाणी-चाचणीत दुसऱ्या दिवशी पातळी खडूच्या रेघेखाली पाऊण इंच उतरली. चाळीस चौरस फुटांतून एवढं पाणी बाष्पीभवनाने जात नाही. ट्रॅपच्या गळ्याभोवतीचं ग्राउट एका बाजूने सुटलेलं होतं. ते खरवडून पुन्हा भरलं, कोटिंगचा हात दिला, पुन्हा ४८ तास. चार दिवस गेले. ही चाचणी गाळली असती तर तेच पाणी कोब्यातून खालच्या घराच्या छतात गेलं असतं.

काम एप्रिलच्या मध्यात संपलं. राखीव रकमेतले २७,७४२ उरले, ते स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटांसाठी बाजूला ठेवले. ऑक्टोबरमध्ये खालच्या घरचं छत हात लावून पाहिलं, कोरडं होतं, आणि काँट्रॅक्टरचे अडवलेले ५ टक्के, सुमारे २९,५०० रुपये, त्याच आठवड्यात चुकते केले.